एका बोटाची जागा
“नानाय, गाडीत लिगाया रडली तरी मांडीवर घेऊ नकोस. तिच्या छोट्या सीटच्या पट्ट्याखाली एकच बोट जाईल, इतका घट्ट बांध.” एवढं सांगून माझी लेक मनिलाच्या विमानतळात शिरली, आता दोन वर्षं दुबईत नोकरी. गाडीत तिची दीड वर्षांची लिगाया रडू लागली. मी तिला छोट्या सीटमधून सोडवून छातीशी धरलं. “बरं केलंस, ताई,” गाडी सुरू करत भाऊ म्हणाला. “आपण सगळे मांडीवरच वाढलो. आरशाला जपमाळ टांगलीय, मेरीमाता काय झोपा काढतेय?” पोरीच्या केसांना आईच्या साबणाचा वास होता. ती केव्हाच शांत झाली, तरी माझे हात सुटेनात. मलाच रिकामी मांडी सोसवत नव्हती. “थांब रे.” तिला सीटमध्ये बसवलं, पट्टे आवळले. रोज जपमाळेचे मणी ओढणारं बोट पट्ट्याखाली सरकवलं. एकच गेलं. रिकाम्या मांडीवर हात जोडून म्हटलं, “चल.”