पहिल्या पंपाचं ड्रॉइंग

कंपनीच्या संस्थापकांचे जुने कागद लावायचं काम त्यांच्या सुनेने अंगावर घेतलं होतं. गंजलेल्या टाचण्या काढायच्या, कागद पाकिटात ठेवायचा, वर त्याची अवस्था लिहायची. एके दुपारी सासरे तळघरात उतरले आणि त्यांनी पहिल्या पंपाचं ड्रॉइंग उचललं. तो पंप चाचणीतच फुटला होता. “सूनबाई, ही नाचक्की कशाला जपायची?” “बाबा, इथे आलेला कागद बाहेर जात नाही. तुम्ही सांगितलंत तरी.” त्यांनी टरकन दोन तुकडे केले. “घे, जप आता!” तिने ते शांतपणे पाकिटात घातले आणि वर लिहिलं: ‘दोन तुकडे. संस्थापकांनी स्वतः फाडलं.’ मग पेन पुढे धरलं. “सही करा.” “माझ्यापेक्षा हट्टी निघालीस,” म्हणत त्यांनी पेन घेतलं, पण हात थबकला. “आजची तारीख घाल. पंप फुटला त्या दिवशी मी हे फाडलं नव्हतं.”