लाल छपराचं घर

"विमान लहान आहे काकू, वजन विचारावंच लागतं," नकाशा पसरत वैमानिक म्हणाला.

"बासष्ट. चपला धरून."

तो हसला. "आधी तळं, मग सुळका, मग बर्फाचे डोंगर. तासाभरात परत."

"बर्फ राहू दे. मला या दरीवरून न्या." काकूंनी नकाशावर बोट ठेवलं.

"तिथं नुसती चार घरं आहेत. बघण्यासारखं काही नाही."

"त्यातल्या लाल छपराच्या घरात माझी लेक राहते."

"मग गाडीनंच जा की! विमान काही तिथं उतरणार नाही."

"तीनदा गेले. तिनं दारच उघडलं नाही." काकूंचं बोट नकाशावरून हललं नाही. "पण विमानाचा आवाज आला ना, की लहानपणापासून ती हातातलं टाकून अंगणात पळत येते."