अतिसार

“कोशात एकही असभ्य शब्द नको,” हा नियम डॉ. हेरंब पटवर्धनांचाच. साथीच्या रोगांचा तो कोश अकरा डॉक्टर मिळून लिहीत होते, आणि संपादक पटवर्धनांनी ‘हगवण’ दिसेल तिथे खोडून ‘अतिसार’ केलं होतं.

छापण्याआधी लोकांना मजकूर कळतो का, हे पाहायला ते कोकणातल्या एका वाडीत गेले. आरोग्यसेविका मंजुळाताईंनी बायकांना वाचून दाखवलं, “अतिसार झाल्यास मुलाला मीठ-साखरेचं पाणी पाजावं.”

“आमच्याकडे नाय हो होत अति,” एकजण म्हणाली. “कोकमाचं सार केलं की पोरं वाटी चाटून मोकळी.”

पटवर्धनांनी ‘द्रवमल’ सांगून पाहिलं, ‘आंत्रविकार’ही सांगून पाहिलं. बायका आदराने माना डोलावत राहिल्या. शेवटी डॉक्टर कानापर्यंत लाल झाले आणि ओरडले, “अहो, हगवण! हगवण!”

बायका पदरात तोंड लपवून हसल्या. एक म्हातारी मात्र ताडकन उठली.

“मग तसं सांगा की! माझ्या नातीला कालपासून लागलीय. कसं करायचं ते पाणी?”

कोशाची पानं मंजुळाताईंकडेच ठेवून डॉक्टर म्हातारीमागोमाग तिच्या चुलीकडे निघाले.