धाप

बीप वाजला. शंकूला हात लावून शिवांजली परत फिरली. फुटबॉल संघाच्या निवडीसाठी मुलींच्या दमाची चाचणी चालली होती. बीप आता भराभर वाजत होता, तरी मैदानावर एकाही मुलीला धाप लागली नव्हती. धापा टाकत होते ते पायऱ्यांवर बसलेले आईबाप.

प्रत्येक मुलीच्या दंडावर एक पट्टी होती आणि तिची जोडपट्टी घरच्या कुणाच्या तरी दंडावर. पळायचं मुलीने, दमायचं घरच्यांनी. इंगवले सरांची नजरसुद्धा पायऱ्यांवरच होती.

"कदमचे वडील आडवे झाले. कदम, बाहेर!"

आता दोघीच उरल्या. शिवांजलीने वर पाहिलं. आई कठड्याला धरून वाकली होती. ओठ निळे पडले होते, तरी हाताने खुणावत होती, पळ, पळ.

शिवांजलीने पळता पळताच पट्टी ओरबाडून फेकून दिली.

छातीत एकदम आग पेटली. तिच्या फुप्फुसांना दमायची सवयच नव्हती. शंकूच्या अलीकडेच ती गुडघ्यांवर कोसळली.

"बाद!" सर ओरडले.

आई धडपडत खाली आली. "येडे, काय केलंस हे? अजून होता की माझ्यात दम!"

शिवांजलीने तिचा हात घट्ट धरला. "आई... रोज सरावाला... तुला असं होतं?"

लेकीची धाप आईला बघवेना. मातीत पडलेली पट्टी उचलून तिने ओढणीने पुसली आणि पुन्हा लेकीच्या दंडाला लावली.