पहिले पेर

चौथ्या दिवशीही भाताची खळ झाली, तेव्हा बाबांनी ताट दूर सारले आणि जेवणानंतर घ्यायची गोळी पुन्हा डबीत ठेवून दिली.

"बाबा, दोन घास तरी खा. रिकाम्या पोटी गोळी चालत नाही."

"म्हणूनच घेत नाही." बाबांनी दाराशी उभ्या असलेल्या बॅगेकडे पाहिले. "उद्या पहाटे विमानात बसलो, की तूही सुटलास आणि मीही."

आईला जाऊन तीन महिने झाले होते. मायदेशी परतल्यावर त्या बंद घरात बाबांच्या पुढ्यात ताट ठेवणारे कुणी नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होते. म्हणूनच ते कुणी बोलत नव्हते. 'राहा' म्हणायचे, तर कशाच्या जोरावर? या परक्या देशात दोन वर्षे पाव आणि डब्यातल्या सूपवर काढलेल्या मुलाने?

तो उठला. पातेले घासले, मूठ-मूठ मोजून तांदूळ घेतले.

"आता काय?"

"पुन्हा लावतो."

"हौस दांडगी आहे. कागद चिकटवायचे असतील, तर आहे तेवढी खळ पुरे."

ओट्यावरच्या भिंतीला आईचे एक वाक्य डकवलेले होते, गेल्या वर्षी फोनवर ऐकता ऐकता लिहून घेतलेले : तांदूळ धुवावेत, बोट तांदळावर टेकवावे, पाणी पहिल्या पेरापर्यंत. त्याने तर्जनी उभी टेकवली आणि श्वास रोखून पाणी सोडले. पाणी पेराच्या रेघेला लागले, तेव्हा बाबा मागे येऊन उभे आहेत, हे त्याच्या पाठीला कळले.

"बोट काढू नकोस," बाबा म्हणाले. ते वाकून पातेल्यात पाहत होते. "हे कुणी शिकवलं तुला?"

"आईने. एक थेंब इकडचा तिकडे करत नाही मी. रोज तिने सांगितलं तेच करतो आणि रोज तुम्ही ताट सारता!" त्याचा आवाज चिरकला. "मग चुकतंय कोण? मी, की ती?"

बोलून गेल्यावर त्याला स्वतःचीच भीती वाटली. बाबांनी त्याचा ओला हात पाण्याबाहेर घेतला.

"पेर म्हणाली. कुणाचं, ते विचारलंस?"

त्याला उमगेना.

"अरे, तिचं हे बोट लहानपणी दारात सापडलं होतं. पुढचं टोक नव्हतंच. अर्ध्या नखावर संपायचं."

ज्या बोटाला धरून तो चालायला शिकला, ते बोट आखूड होते. आणि आठवणीत त्याने ते केव्हाच पुरे करून टाकले होते.

बाबांनी त्याच्या तर्जनीवर, टोकापासून अर्ध्या पेरावर, अंगठ्याचे नख रुतवले. दुखेल इतके. "एवढंच. तिचं पेर एवढंच होतं." मग पातेले कलते करून त्यांनी जास्तीचे पाणी स्वतः ओतून दिले आणि झाकण ठेवले.

झाकणाच्या कडेने वाफ येऊ लागली. त्याने बोटाकडे पाहिले. नखाची रेघ भरून येत होती. तो घाईघाईने खण उचकू लागला.

"काय हरवलं?"

"पेन. खूण जायच्या आत गिरवून ठेवतो."

बाबांनी सारलेले ताट धुऊन पुन्हा मेजावर मांडले. डबीतली गोळी काढून ताटाशेजारी ठेवली.

"राहू दे पेन," ते म्हणाले. "उद्या पुन्हा दाखवीन."