मागचा डावा कोपरा

तिने बाबांना कोर्टाबाहेरच्या खुर्चीत बसवलं, आपली जादा रॅकेट त्यांच्या हातात दिली आणि बजावलं, "बाबा, इथून हलायचं नाही. मी समोरच आहे."

"हो, हो. तुम्ही या जाऊन," बाबा म्हणाले. गेले काही महिने ते तिला अहोजाहो करत होते.

आज त्यांना आणल्यावाचून इलाज नव्हता. त्यांना सांभाळणाऱ्या मावशींनी सकाळीच अंगात ताप असल्याचं कळवलं. नवरा कामासाठी बाहेरगावी. भावाला फोन केला तर तो म्हणाला, "अगं, चाळिशी उलटलेल्यांची तर स्पर्धा. सोड की यंदा." तिने फोन ठेवला, बाबांचे बूट शोधले, खाली बसून नाड्या बांधल्या आणि त्यांना घेऊन निघाली.

अंतिम सामना होता. जिंकेल ती जिल्ह्याच्या संघात जाणार होती. त्यासाठी वर्षभर ती घरातलं कोणी उठायच्या आत या हॉलवर येऊन घाम गाळत होती आणि मग दिवसभर इस्पितळाच्या लॅबमध्ये रक्त तपासत होती. समोरची बाई बँकेत नोकरीला, हिच्यापेक्षा उंच, मनगटाची चपळ. पण आज हिच्या हाताला यश होतं. पहिला गेम हिने घेतला.

घोटभर पाणी प्यायला थांबली तर पिशवीत फोन वाजला. लॅबच्या मुख्य बाई होत्या.

"दुपारी येणार आहेस ना? आणि हे पाळी बदलून मागणं आता पुरे झालं. पुढच्या महिन्यापासून तुला पहाटेची पाळी लावतेय."

पहाटेची पाळी म्हणजे सराव संपलाच. "दुपारी बोलते, बाई," एवढंच ती म्हणाली आणि कोर्टावर गेली.

दुसरा गेम रंगात आला आणि बाबा खुर्चीतून उठले.

"डावीकडे टाक! मागे, डाव्या कोपऱ्यात!"

शाळेत असताना तिला खेळायला बाबांनीच शिकवलं होतं. हाच आवाज, असाच खणखणीत. तिने शटल बँकवालीच्या डाव्या कोपऱ्यात मारलं. पॉइंट मिळाला. तिने हसून बाबांकडे पाहिलं.

"अहो, तुम्हाला नाही!" बाबा वैतागले. मग त्यांनी बँकवालीकडे बोट केलं. "तुला सांगतोय, पोरी! हिच्या डाव्या कोपऱ्यात टाक. तिथे हिचा हात पोचत नाही. लहानपणापासून नाही पोचत!"

ती होती तिथेच उभी राहिली. बाबांचे डोळे कितीतरी दिवसांनी चमकत होते. ते तिच्यावरून, बसमधल्या कुणा बाईवरून फिरावेत तसे फिरले आणि बँकवालीवर जाऊन थांबले.

पंचांनी खेळ थांबवला. "बाहेरून सूचना नकोत. हे आजोबा कोणाबरोबर आलेत?"

तिने रॅकेट वर केली. "माझ्याबरोबर. वडील आहेत माझे."

"म्हणजे घरातच फितुरी!" बाकांवरून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून तो आपोआप विरला.

"बाहेर बसवू का त्यांना?" पंचांनी जवळ येऊन हळूच विचारलं.

बाहेर वाहता रस्ता होता. बाबा चालत सुटले की सुटले.

"नको. ते मला दिसायला हवेत."

बँकवाली नेटपाशी आली. "मी त्यांचं ऐकत नाहीये हं. शप्पथ."

"माहितेय मला."

ऐकत नव्हतीही ती, थोडा वेळ. पण खेळ अटीतटीला आला की हात कोणाचं ऐकतो? शटल मागच्या डाव्या कोपऱ्यात पडायला लागलं. एकदा, दोनदा, मग सारखंच. आणि दर वेळी खुर्चीजवळून आवाज यायचा, "शाब्बास!"

तिला शिकवताना बाबांच्या तोंडून हा शब्द कधी निघाला नव्हता.

दुसरा गेम गेला. तिसऱ्यात शटल कुठे येणार हे तिला आधीच कळत होतं. ती आधीच तिकडे धावत होती, कंबर वळवत होती, खांदा निखळेल इतका हात ताणत होती. हात पोचत नव्हता. शेवटचं शटल तिच्या रॅकेटच्या टोकापलीकडे, रेषेच्या आत पडलं.

हात मिळवताना बँकवालीचे डोळे भरून आले. "असं नव्हतं हो जिंकायचं मला."

ती काही बोलणार तोच बाबा कोर्टावर आले. त्यांनी बँकवालीची बॅग उचलून खांद्याला लावली.

"चल पोरी. घरी आई वाट बघत असेल."

बँकवाली गोंधळून तिच्याकडे बघायला लागली. आई जाऊन किती वर्षं झाली हे बँकवालीला सांगून काय उपयोग, असं तिच्या मनात आलं.

"दारापर्यंत जा त्यांच्याबरोबर," ती म्हणाली. "प्लीज."

ती दोघं पुढे निघाली. तिने दोन्ही रॅकेटा, बाबांची टोपी आणि आपली पिशवी गोळा केली. पिशवीत फोन पुन्हा थरथरत होता. तिने तो बघितला नाही.

दाराशी बाबा थांबले, मागे वळले. हरलेल्या बाईची त्यांना दया आली असावी.

"तुम्हीही बऱ्या खेळलात," ते म्हणाले. "मन लहान करू नका. तुम्हाला न्यायला आलंय का कोणी?"

"आलेत ना," ती म्हणाली. "वडील आलेत."

"मग त्यांना ताटकळत ठेवू नका," बाबा म्हणाले आणि त्यांनी बँकवालीसाठी दार उघडून धरलं.