वाडग्यातली दिशा

गोव्याचं राज्य झालं त्या सालची गोष्ट. खोटी वाटली तर नार्व्याच्या फेरीबोटीवर कुणालाही विचारा. कृष्णनाथ मास्तरांनी जन्मभर विज्ञान शिकवलं, पण बायकोच्या पायाची जखम त्यांना जुमानेना. सोमवारी म्हापशाला पाय कापायचं ठरलं होतं.

"जंतूंच्या अंगावर ऋण भार असतो," मास्तर म्हणाले. "धन तारेकडे ते ओढले जातील. जखमेतून बाहेरच काढू."

"आधी दह्यावर करून बघा," अनुसया म्हणाली. "माझो पाय म्हणजे तुमची शाळा न्हय!"

वाडग्यातल्या विरजलेल्या दुधात मास्तरांनी टॉर्चच्या सेलच्या दोन तारा सोडल्या. सकाळी धन तारेकडे घट्ट दही होतं, दुसरीकडे नुसतं दूध. मास्तर हरखले.

दुसऱ्या दिवशी तारा नव्हत्या. तरी दही अर्धंच लागलं, अनुसयेच्या खाटेकडे. त्यांनी खाट बाल्कांवात, दारापुढच्या ओसरीत नेली. दही बाल्कांवाच्या बाजूला लागलं.

रविवारी दुपारी मास्तरांनी देवाचं नाव घेतलं. ऋण तार जखमेवर टेकवली आणि धन तार कुठे ठेवावी ते न सुचून स्वतःच्या मुठीत धरली.

घटकाभरानं अनुसया ओरडली, "अहो, दुखूचा थांबला! बघा, मी उभी रवलंय!"

मास्तरांनी वाडग्याकडे पाहिलं. दही त्यांच्या बाजूला होतं. ते उठून टेबलाच्या पलीकडे गेले. पांढरा गोळा निवळीतून सावकाश सरकत त्यांच्यामागे आला.

"ऐकलात? म्हापशाक जाऊचा नाय आता!"

मास्तर भिंतीला टेकले. गोळा वाडग्याच्या काठावर चढू लागला.